*पाइप उभा चिरताना: शेळ्यांची गव्हाण, गोठ्याची पन्हळ आणि आपली दहा बोटं*



राब भाजून झाले असतील, काहींची बियाण्याची जुळवाजुळव चालू असेल. आजचा मेसेज भातावर नाही, गोठ्यावर आहे. गेल्या पंधरा दिवसांत कशेळे, नेरळ, चौक, वावोशी या बाजूंनी फिरताना सात-आठ जणांनी एकच प्रश्न विचारला, "मॅडम, चार इंची पाइप मधोमध उभा कसा चिरायचा? सरळ जातच नाही." पाऊस तोंडावर आलाय, म्हणून सगळ्यांसाठी एकदाच सविस्तर लिहिते.

*आधी, हे करायचं कशाला?*

दोन कामांसाठी. पहिलं पागोळीचं पाणी. गोठ्याचं छप्पर २० बाय १५ फुटांचं असेल तर ते साधारण २८ चौरस मीटर होतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आपल्याकडे दिवसाला १०० मिलिमीटर पाऊस काही नवा नाही, म्हणजे एका दिवसात २८०० लिटर पाणी गोठ्याच्या कडेला पडणार. तिथेच चिखल, तिथेच शेळ्या उभ्या. मग खूर कुजतात, पिल्लांना हगवण लागते, सर्दी होते आणि ऑगस्टमध्ये आपण डॉक्टरांना फोन लावत बसतो.

दुसरं काम गव्हाणीचं. खुराक जमिनीवर टाकला की शेळ्या त्यावर पाय देतात, लेंड्या-मूत त्यातच, आणि जंत फिरून पोटात. पाइपची अर्धी गव्हाण शेळीच्या छातीच्या उंचीला बांधली की हे निम्म्याहून जास्त थांबतं.

*कुठला पाइप?*

पन्हळीला आणि कोंबड्यांना चार इंची म्हणजे ११० मिलिमीटरचा चालतो. शेळ्यांच्या गव्हाणीला सहा इंची म्हणजे १६० मिलिमीटरचा घ्या, नाहीतर खोली कमी पडते आणि खुराक बाहेर सांडतो. मोठ्या शेळीला साधारण ४० सेंटिमीटर जागा धरा, म्हणजे ३ मीटरच्या गव्हाणीवर सात शेळ्या. मोठ्या कोंबडीला १० सेंटिमीटर पुरतात.

खाण्या-पिण्यासाठी पाइप घेताना त्यावर *आयएस ४९८५* छापलेलं बघा, तो पिण्याच्या पाण्याचा पाइप. जुना, भंगारातला पाइप पन्हळीला वापरा, गव्हाणीला नको. जुन्या पीव्हीसीमध्ये शिशाचे क्षार वापरलेले असू शकतात. त्यावर केंद्र सरकारने २०२१ मध्ये नियम आणले, पण घरामागे पडलेला पाइप त्याआधीचा असेल. फवारणीचं औषध ज्यातून गेलंय तो तर अजिबात नको. आणि उन्हात पांढरा पडलेला पाइप चिरताना काचेसारखा तडकतो, त्याचा नाद सोडा.

*रेषा सरळ आली तर काप सरळ येतो*

गोल वस्तूवर फूटपट्टी टिकत नाही, म्हणून रेषा वाकडी होते. लोखंडी अँगलचा तुकडा घ्या, पाइपवर पालथा ठेवा. तो आपोआप पाइपला समांतर बसतो. त्याच्या कडेने पेन्सिल ओढली की रेषा सरळ. समोरची रेषा काढायला कागदाची पट्टी पाइपभोवती एक वेढा गुंडाळा, जिथे टोक भेटतं तिथे कापा आणि तिची बरोबर मधे घडी घाला. ती घडी म्हणजे अर्धा घेर. चार इंचीला हे माप साधारण १७ सेंटिमीटर येतं, सहा इंचीला २५. दोन्ही टोकांना खुणा करून परत अँगल लावा.

*पाइप हलता कामा नये*

दोन सरळ बांबू शेजारी शेजारी, मधे दोन-तीन बोटं फट ठेवून, खाली आडव्या फळ्यांवर बांधा. त्या खाचेत पाइप बसवा आणि सायकलच्या जुन्या ट्यूबने दोन-तीन ठिकाणी आवळा. आधी ६ मीटरचा पाइप आडवा कापून ३-३ मीटरचे तुकडे करून घ्या, काम निम्मं सोपं होतं.

आता माझी चूक सांगते. डिप्लोमा झाला त्या वर्षी घरी मी हाच पाइप ग्राइंडरने चिरायला घेतला. पाइप पायांच्या मधे धरला होता. चार फूट छान गेलं. मग कापलेली फट मागून मिटली, चकती आत अडकली आणि ग्राइंडर उसळला. डाव्या अंगठ्याला चार टाके पडले. बोट वाचलं ते नशिबाने. त्या दिवशी मी घाईत चकतीवरचं गार्ड काढून ठेवलं होतं.

फट मिटते याचं कारण पाइपातच आहे. कारखान्यात पाइप बाहेरून आधी थंड होतो, आतून नंतर, त्यामुळे त्यात ताण राहून जातो. उभी चीर दिली की तो आत वळायला बघतो आणि पातं चिमटीत धरतो. म्हणून *पाचर*. जसजशी चीर पुढे जाईल तसतशी दर फुटाला बांबूची पातळ पाचर मागे बसवत जा.

*चिरायचं कशाने?*

✅ *हाताने, चार इंचीसाठी:* हॅक्सॉचं पातं फ्रेममध्ये काटकोनात फिरवून बसवा. फ्रेमला तशी सोय असते, आपण बघत नाही. रेषा डाव्या-उजव्या बाजूला येतील असा पाइप ठेवा. फ्रेम पाइपच्या वरून पुढे सरकते, कुठेच अडत नाही आणि दोन्ही बाजू एकदम कापल्या जातात. बांधलेली ट्यूब पुढे येईल तशी सोडून मागे बांधा. सहा इंचीला फ्रेम अडते, तिथे सुताराची बारीक दातांची हातकरवत तिरपी धरून एकेक बाजू कापा. वेळ लागतो, पण दवाखान्यात जातो त्यापेक्षा कमीच.

✅ *ग्राइंडरने:* गार्ड लावलेलं, पातळ कापायची चकती, दोन्ही हात मशीनवर, डोळ्याला चष्मा, नाकाला मास्क. मफलर, ओढणी, सैल बाही नको. एकाच दमात खोल जाऊ नका, पीव्हीसी वितळून चकतीला चिकटतो. चकतीच्या रेषेत तोंड ठेवू नका, बाजूला उभे राहा. सगळा पाइप एकदम सुटा करू नका. दर फुटाला दोन बोटं जागा न कापता सोडा आणि शेवटी ती हातकरवतीने तोडा. तोपर्यंत पाइप कडक राहतो, वळत नाही.

❌ *लाकूड कापायचं दातेरी पातं चार इंची ग्राइंडरला कधीच लावू नका.* बाजारात मिळतं म्हणून ते योग्य होत नाही. ते अडकलं की हातातून मशीन ओढून घेतं.

❌ ओल्या अंगणात, सांधलेल्या वायरवर मशीन चालवू नका. पोरं आणि कोंबड्या लांब.

*कापल्यानंतर*

कडा कानशीने घासा, मग पॉलिश पेपर मारा. गव्हाणीच्या कडेला जुनी अर्धा इंची बागेची नळी उभी चिरून टोपणासारखी बसवा. नळी आधी गरम पाण्यात बुडवली की मऊ पडते, ब्लेड सहज चालतं. ब्लेड नेहमी स्वतःपासून लांब ढकला. शेळीचे ओठ कापत नाहीत आणि गव्हाण ताठ राहते. तळाला दोन-चार बारीक भोकं पाडा, पावसाचं पाणी साचून खुराक आंबणार नाही. कोंबड्यांच्या गव्हाणीत एकतृतीयांशच भरा, काठोकाठ भरलं की त्या चोचीने उडवून टाकतात.

पन्हळीला दर ३ मीटरला ३ सेंटिमीटर उतार द्या. दर दोन फुटांवर तारेचा झोळ करून टांगा, खिळ्याने घट्ट ठोकू नका. ६ मीटरची पन्हळ ऊन-थंडीत साधारण एक सेंटिमीटर लांबते-आखडते, घट्ट ठोकली तर खिळ्यापाशी तडकते.

कापताना खाली गोणपाट अंथरा. भुसा गोळा करून पिशवीत बांधा, तो खतात किंवा चाऱ्यात जाऊ देऊ नका. तुकडे भंगारवाल्याला द्या. *राबात किंवा चुलीत पीव्हीसी जाळू नका*, त्याचा धूर विषारी असतो.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरेल. त्याआधी एक दुपार काढा. स्वतःला जमत नसेल तर गावातल्या सुताराकडे चार-पाच घरांचे पाइप एकदम न्या, तो एका दिवसात चिरून देईल. त्यात कमीपणा काही नाही.

आणि हो, शेळ्यांना आंत्रविषाराची लस पावसाआधीच टोचून घ्या. पन्हळ लावताना दवाखान्यातही एक चक्कर होऊ द्या.

बांधून झालं की फोटो ग्रुपवर टाका, दुसऱ्यांना बघून करता येईल. अडचण असेल तर संध्याकाळी सहानंतर फोन करा.

तुमची,
कृषी सल्लागार ताई 🌾