मोजायचं कोणी?

लिनक्सच्या कर्नलमध्ये ड्रायव्हरसारखे भाग यंत्र चालू असतानाच चढवता-उतरवता येतात, हीच मॉड्यूल्स. वापरात असलेलं मॉड्यूल उतरवलं तर कर्नल पुसल्या गेलेल्या कोडवर उडी मारतो आणि यंत्र कोसळतं. म्हणून प्रत्येकाचा वापर मोजायचा आणि शून्य असेल तरच त्याला निरोप द्यायचा. या मोजणीचा इतिहास बहुधा कुलपांचा आणि वेगाचा म्हणून सांगितला जातो. माझ्या मते खरा वाद आकडा कोणी राखायचा, याचा होता.

सुरुवातीला तो मॉड्यूलच राखी. उपकरण उघडलं की मॉड्यूलचं ओपन फंक्शन स्वतःचा आकडा एकाने वाढवी. पण ती ओळ चालेपर्यंत कर्नल आत शिरलेला असे, आणि आकडा शून्यच. बाहेर पडतानाही तेच: आकडा उतरला, तरी परतीच्या दोन-चार सूचना त्याच कोडमधल्या. बिग कर्नल लॉक या साऱ्या कर्नलच्या एकाच मोठ्या कुलपाने हे बरंचसं झाकून ठेवलं होतं. ते कुलूप जागोजागी निघू लागलं तसं भोक उघडं पडलं. 2001 च्या 2.4 आवृत्तीत उपाय आला: फाइल-क्रियांच्या तक्त्यात मालक मॉड्यूलची नोंद, म्हणजे आत शिरण्याआधी कर्नलच आकडा वाढवणार. कर्नल विकसक रस्टी रसेल यांनी 2002 मध्ये मॉड्यूल चढवणारा लोडर नव्याने लिहिला, तेव्हा आधी ‘ट्राय मॉड्यूल गेट’ हे फंक्शन बोलावून मॉड्यूल मागायचं, हाच नियम झाला. मॉड्यूल जायला निघालं असेल, तर मागणी सरळ फसते.

मग उतरवणंच बंद का करू नये? त्या काळी हाही विचार झाला, आणि आजही कर्नल बांधताना ती सोय वगळता येते. पण दर बदलाला यंत्र पुन्हा सुरू करणं ड्रायव्हर लिहिणाऱ्याला परवडत नाही. दर वापराला आकडा बदलण्याने वेग मंदावतो, हा आक्षेप जास्त वजनदार. रसेल यांनी प्रत्येक प्रोसेसरला वेगळा आकडा दिला. वाढवणं स्वस्त झालं, पण बेरजेसाठी सारे प्रोसेसर क्षणभर थांबवावे लागत. 2015 च्या 3.19 मध्ये मासामी हिरामात्सु यांनी एकच अविभाज्य (ॲटॉमिक) आकडा आणून ते थांबवणं काढलं. हिशेबाची रीत अशी उलटसुलट झाली. आकडा मात्र पुन्हा मॉड्यूलच्या हाती गेला नाही.

नेटवर्क ड्रायव्हर अपवाद वाटतात. इंटरफेस चालू असतानाही चढवलेली मॉड्यूल्स दाखवणाऱ्या ‘एलएसमॉड’च्या यादीत ड्रायव्हरपुढे शून्य दिसू शकतो, आणि ड्रायव्हर काढताही येतो. मात्र तिथे मोजणी उपकरणाची होते. ती कर्नलचा नेटवर्क विभाग करतो, आणि कोणी संदर्भ सोडायला विसरलं, तर आकडा लॉगमध्ये लिहीत ताटकळत बसतो.