खाऱ्या पाण्यांतील लव्हाळा

शेतकऱ्यांच्या मासिकांत समुद्राच्या पाण्याच्या पेटीची हकीकत कशाला, असा प्रश्न वाचकांच्या मनांत प्रथम येईल. माझ्याहि मनांत तो आला होता. परंतु गेल्या वर्षीं आमच्या घरीं जें घडलें, तें ज्याच्या शेतांत लव्हाळा आहे अशा प्रत्येक खातेदारास तात्काळ समजेल. आणि त्यांतील चूक माझी स्वतःची असल्यामुळें ती सांगण्यास मला कोणाची परवानगी घ्यावयाची नाहीं.

आमचें गांव शेलार, तालुका भिवंडी. भात आणि भातामागून ओलीवर वाल एवढीच आमची शेती. बाकी भोंवतीं यंत्रमाग आणि गुदामें. पुतण्यानें जोडधंदा म्हणून मागल्या पडवींत कांचेच्या चार पेट्या मांडून त्यांत समुद्रांतील विदूषक मासे पाळले. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला हा बोटभर मासा शोभेकरितां चांगल्या किंमतीस विकला जातो, व समुद्रांतून धरून न आणतां पेटींतच त्याची पैदास करतां येते. आमच्या कामवारी नदीचें किंवा खाडीचें पाणी या कामास चालत नाहीं. तयार क्षारमिश्रण गोड्या पाण्यांत लिटरास सुमारें ३५ ग्रॅम या प्रमाणानें विरघळवून समुद्र घरींच करावा लागतो. पेट्यांतील खडकहि सिमेंटाचे आहेत. खडक रचणारीं प्रवाळें २००१ सालीं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत घालण्यांत आलीं, तेव्हां समुद्रांतून काढलेलें प्रवाळ कोणी विकूं लागल्यास त्याच्या वाटेस जाऊं नये.

या पेट्यांत सुनबाईनें बचतगटाकडून घेतलेले पैसे होते, हें आधींच सांगून ठेवतों.

पुतण्यानें एका हौशी माणसाकडून समुद्रशेवाळाचा एक पुंजका आणला. त्याबरोबर तपकिरी रंगाचें एक नाजूक फूल आलें व महिन्याभरांत त्याचीं तीन झालीं. हें फूल नव्हे, प्राणी आहे. यास समुद्रपुष्प म्हणतात. पेट्या बाळगणारे या उपद्रवी जातीस एप्टेशिया म्हणतात. खालीं खडकास चिकटलेला तळवा, वर पारदर्शक देठ आणि टोंकास दंश करणाऱ्या स्पर्शकांचा झुबका, असें याचें रूप. विदूषक मासा समुद्रांत समुद्रपुष्पाच्याच आश्रयानें राहतो हें खरें; पण तीं मोठीं समुद्रपुष्पें निराळीं. हें त्याचें घर होत नाहीं, उलट त्याच्या पिलांचा काळ होतें.

पुतण्या दोन दिवस वाड्यास लग्नाला गेला व माशांना खाणें घालण्याचें काम मजवर आलें. तीं तीन फुलें उपद्रवी आहेत एवढें मीं ऐकलें होतें. महसूल खात्यांत तीस वर्षें काढलेल्या माणसास अतिक्रमण दिसलें कीं त्याचा हात स्वस्थ बसत नाहीं. मीं स्वयंपाकघरांतली सुरी घेतली, खडक चांगला खरवडला, ब्रशानें घासला, आणि हात ओलाच आहे तर म्हणून त्याच ब्रशानें व त्याच बादलीनें पिलांच्या पेटीची कांचहि पुसून काढली. पुतण्या आल्यावर मीं ही कामगिरी मोठ्या प्रौढीनें सांगितली. तो रागावला नाहीं. खडकाकडे पाहून त्यानें एवढेंच विचारलें, “काका, ब्रश कोणता घेतलात?”

लव्हाळ्याच्या शेतांत नांगर घातला म्हणजे काय होतें, हें वाचकांस सांगावयास नको. जमिनीखालीं गांठींची माळ असते. फाळानें ती तुटते आणि प्रत्येक गांठ निराळें रोप होऊन वर येते. एप्टेशियाची तीच रीत. याच्या तळव्याचा टिचभर काय, टांचणीच्या डोक्याएवढा तुकडा मागें राहिला तरी थोड्याच दिवसांत त्याचें नवें समुद्रपुष्प तयार होतें. कोणीं न तोडतांहि तें सरकतां सरकतां स्वतःच्या तळव्याचे तुकडे मागें सोडीत जातें. शिवाय त्याच्या अंगांत सूक्ष्म शेवाळ राहतें व उजेडावर त्यास अन्न पुरवितें; तपकिरी रंग त्याचाच. म्हणून नुसतें उपाशी ठेवून तें मरत नाहीं. माशांचें उरलेलें खाणें मात्र त्यास खतासारखें लागू पडतें.

जुन्या संवयीप्रमाणें मीं वही घातली व पीकपाहणीसारख्या नोंदी ठेवल्या. खरवडलें त्या दिवशीं ३. पांचव्या आठवड्यांत त्याच पेटींत ४१, आणि पिलांच्या पेटींत, जेथें पूर्वीं एकहि नव्हतें तेथें, ९.

विदूषक माशाची मादी खापरीवर अंडीं घालते, नर त्यांस पंखांनीं वारा घालतो, आणि सुमारें आठ दिवसांनीं अंधार पडल्यावर तीं फुटतात. पिलें इतकीं बारीक असतात कीं दिव्याच्या उजेडांत धूळ तरंगावी तशीं दिसतात. पुतण्यानें दोन वेळचीं पिलें त्या पेटींत सोडलीं आणि दोन्ही वेळां थोड्याच दिवसांत पाणी रिकामें झालें. पहिलीं उपासानेंहि गेलीं असतील, असें तो माझें मन राखण्यासाठीं म्हणाला. दुसऱ्या वेळीं मीं स्वतः भिंग लावून पाहिलें. एका देठाच्या आंत दोन काळे डोळे दिसत होते. त्या रात्रीं पेट्या विकून टाकाव्या असें घरांत बोलणें निघालें. सुनबाई मला एक शब्दहि बोलली नाहीं, आणि तेंच मला अधिक लागलें.

यावर जे उपाय केले ते असे. पहिला चुन्याचा. भिंतीच्या रंगांतला किंवा पानाचा चुना न घेतां रसायनांच्या दुकानांतून शुद्ध विरलेला चुना आणावा व थोड्या पाण्यांत दह्याइतका दाट कालवावा. पंप बंद करून पिचकारीची नळी हळूहळू जवळ न्यावी. स्पर्श झाला कीं तें प्राणी बिळांत आंखडतें आणि मग हातीं लागत नाहीं. म्हणून न शिवतां, उघड्या तोंडावरच चुना पडेल असें करावें व सर्व अंग झांकून टाकावें. पाव तासानें पंप चालू करावा. चुन्यानें पाण्याचा अल्कधर्म वाढतो, यास्तव आमच्या दोनशें लिटरांच्या पेटींत आम्ही एका दिवसांत पांचांपलीकडे गेलों नाहीं. डोळ्यांस चष्मा अवश्य लावावा. लिंबाचा रस सुईनें आंत टोंचल्यासहि तें मरतें म्हणतात. पण तें सुई जवळ येऊं देईल तेव्हां ना! खडक बाहेर काढून उन्हांत खडखडीत वाळविणें सर्वांत खात्रीचें. तो उकळूं मात्र कधींहि नये. खडकावरील कांहीं प्राण्यांत पॅलिटॉक्सिन नांवाचें जहाल विष असतें व त्याच्या वाफेनें घरचीं माणसें आजारी पडल्याचीं उदाहरणें आहेत.

दुसरा उपाय शत्रूच्या शत्रूचा. गाजरगवत पुण्याकडे १९५५ च्या सुमारास दिसूं लागलें आणि १९८४ त मेक्सिकोंतील झायगोग्रामा भुंगे आपल्या देशांत त्यावर सोडण्यांत आले, हें जुन्या वाचकांस ठाऊक आहे. तसाच बर्घिया नांवाचा एक बिनशिंपल्याचा समुद्री गोगलगाय-वर्गीय जीव आहे. तो एप्टेशियाखेरीज दुसरें कांहीं खात नाहीं आणि तें संपलें कीं स्वतः उपाशी मरतो. तो आम्हांस मिळाला नाहीं. पेपरमिंट कोळंबी हें समुद्रपुष्प खाते असें कळल्यावरून एका दुकानांतून चार आणल्या. त्यांनीं महिनाभर माशांचेंच खाणें खाल्लें. पुढें चित्रांशीं ताडून पाहतां त्या पाठीवर कुबड असलेल्या दुसऱ्याच जातीच्या, उंट कोळंब्या निघाल्या. बियाण्याची पिशवी एक आणि आंतलें बीं दुसरें, हा अनुभव आपणांस नवा नाहीं. पण कोळंबीस पावती व लेबलहि नसतें.

चुना, बेतानें खाणें, आणि प्रत्येक नवी वस्तु दोन महिने निराळ्या बादलींत ठेवणें, यांवर आम्ही तगलों. पिलांची पेटी मे महिन्यांत रिकामी केली, गोड्या पाण्यानें धुतली व पंधरा दिवस अंगणांत उन्हाला घातली. वहींतील शेवटच्या पानावर मोठ्या पेटींत ४ आणि पिलांच्या पेटींत ० अशी नोंद आहे. तीं चार खडकाच्या सांदींत आहेत. त्यांचा नाश झाला असें मी लिहिणार नाहीं.

या महिन्यांत खापरीवर पुन्हां अंडीं आलीं आहेत. सातवा दिवस आहे, डोळे रुपेरी दिसूं लागले आहेत. पुतण्यानें पिलांच्या पेटीच्या ब्रशास तांबडा दोरा बांधून तो खिळ्यास टांगला आहे, आणि त्या खिळ्याची उंची माझा हात पोंचणार नाहीं अशा बेतानें धरली आहे.