भिंती येण्याआधीचं शहाळं

‘पाणीवालं देऊ की मलईवालं?’ शहाळ्याच्या गाडीवर प्रत्येक गिऱ्हाइकाला हा प्रश्न येतोच. उत्तर मिळालं की शहाळेवाला ढिगातली दोन-तीन फळं उचलतो, टिचकी मारून पाहतो, एक निवडतो आणि कोयता चालवतो. त्याचा प्रश्न जीवशास्त्राच्या मुळाशी जाणारा आहे. पाणी आणि मलई हे एकाच ऊतीच्या वयाचे दोन टप्पे आहेत. पहिल्यात पेशींच्या भिंती अजून उभ्या राहायच्या असतात, दुसऱ्यात त्या नुकत्या उभ्या राहू लागलेल्या असतात.

नारळात पाणी येतं कुठून, असं लहान मुलं हमखास विचारतात. मोठी माणसं ‘मुळांनी शोषलेलं वर चढतं’ एवढं सांगून मोकळी होतात. पाणी मुळांवाटेच येतं हे खरं, पण मुळं तर आंब्यालाही आहेत आणि फणसालाही. नारळातच ते का साठतं, याचं उत्तर फळात नसून बीजात आहे. पोयीतल्या मादीफुलात फलन झालं की बीजाच्या आतली भ्रूणकोश नावाची पोकळी भराभर मोठी होऊ लागते. फळ पाचेक सेंटिमीटरचं असतं तेव्हा ही पोकळी नितळ द्रवाने भरलेली असते आणि त्या द्रवात लहानमोठी असंख्य केंद्रकं सुटी तरंगत असतात. फळ दहा सेंटिमीटरच्या आसपास पोचलं की सुट्या केंद्रकांच्या जोडीला काही पेशीही दिसू लागतात. त्यांतल्या काहींत एकच केंद्रक असतं, काहींत अनेक. पुढे हे सगळं हळूहळू कडेला सरकतं आणि पोकळीच्या आतल्या अंगाला चिकटतं. साधारण सहाव्या महिन्यात देठाच्या विरुद्ध टोकाकडून एक पातळ, बुळबुळीत थर धरू लागतो. हीच मलई. ती जाड होत, घट्ट होत जाते आणि अकरा-बारा महिन्यांनी नारळ उतरवतात तेव्हा तिचं खोबरं झालेलं असतं.

पाणी, मलई, खोबरं या तिन्हींचं शास्त्रीय नाव एकच आहे: भ्रूणपोष. भ्रूणाला पोसणारी ऊती. पाठ्यपुस्तकात हे एका ओळीत येतं, की शहाळ्याचं पाणी हा मुक्तकेंद्रकी भ्रूणपोष आणि खोबरं हा पेशीमय भ्रूणपोष. ओळ चुकीची नाही, पण ती वेळापत्रक झाकून टाकते. गाडीवरच्या शहाळ्यात मलई धरलेली असेल, तर बरीच केंद्रकं तोवर कडेला जाऊन पेशींत बंद झालेली असतात. जून नारळाच्या पाण्यात तर सुटी केंद्रकंही उरत नाहीत आणि पेशीही नाहीत. देवापुढे फोडलेल्या नारळाचं पाणी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवणाऱ्या विद्यार्थ्याला काहीच दिसलं नाही, तर दोष त्याच्या हाताचा नाही. हा धडा शिकवताना वर्गात वेगवेगळ्या वयाचे तीन नारळ फोडले पाहिजेत. फळ्यावरच्या आकृतीने जे कळत नाही ते तीन वाट्यांतून कळेल, आणि जिभेलाही कळेल. सहा-सात महिन्यांच्या शहाळ्याच्या पाण्यात साखर सर्वांत जास्त, शेकडा पाचच्या आसपास असते. खोबरं भरत जातं तशी ती उतरते.

ही ऊती जन्माला कशी येते, हे कळायला १८९८ साल उजाडावं लागलं. परागनलिकेतून दोन पुंयुग्मकं भ्रूणकोशात उतरतात, त्यांतलं एक अंडपेशीशी एकरूप होतं आणि त्यातून भ्रूण घडतो, इतकं तोवर माहीत होतं. दुसऱ्याचं काय होतं? कीव्हमधल्या सर्गेई नवाशिन यांनी लिलीच्या आणि तिच्या कुळातल्या फ्रिटिलारियाच्या फुलांत त्याचा माग काढला. ते दुसरं पुंयुग्मक भ्रूणकोशाच्या मध्यभागी असलेल्या दोन केंद्रकांना जाऊन मिळतं, आणि या तिघांच्या मीलनातून भ्रूणपोष सुरू होतो. पुढच्याच वर्षी फ्रान्समध्ये लेऑन गिन्यार यांनी स्वतंत्रपणे हेच दाखवलं. याला आपण दुहेरी फलन म्हणतो. सपुष्प वनस्पतींचं हे खास वैशिष्ट्य आहे.

नारळाचा हिशेब मांडून पाहू. नारळाच्या झाडाच्या पेशीत ३२ गुणसूत्रं असतात. अंडपेशीची १६ आणि पुंयुग्मकाची १६ मिळून भ्रूणात ३२ होतात. भ्रूणपोषात मात्र आईकडून दोन वाटे आणि बापाकडून एक, म्हणजे ४८. मोदकाच्या सारणात आपण खवून घालतो ती ऊती मुळात ४८ गुणसूत्रांची असते. भ्रूणाबरोबरच फलनातून जन्मलेलं हे त्याचं भावंड आहे, पण त्याचा वंश पुढे जात नाही. ते वाढतं, साखर, तेल, प्रथिनं साठवतं आणि भावंडाच्या पोटात जातं. भाताचा पांढरा दाणा, ज्वारीचं पीठ, गव्हाचा रवा हासुद्धा मुख्यतः भ्रूणपोषच. हरभऱ्यात तो दिसत नाही, कारण दाणा भरता भरताच भ्रूणाने तो खाऊन आपल्या दोन दलांत साठवलेला असतो. त्या दलांनाच आपण डाळ म्हणतो.

आता भिंतींकडे वळू. पेशी विभागते म्हणजे केंद्रक विभागतं आणि लगेच मध्ये भिंत येते, असं आपण कांद्याच्या मुळाच्या टोकावरून शिकलेलो असतो. भ्रूणपोष हे दोन टप्पे एकमेकांपासून तोडतो. आधी नुसती केंद्रकं विभागत राहतात, दोनाची चार, चाराची आठ, आणि सगळी एकाच सलग पेशीद्रव्यात नांदतात. मोठ्या दालनात आधी माणसं राहायला यावीत आणि मागाहून पडद्या घालून खोल्या पाडाव्यात, तसा हा प्रकार आहे. वेळ आली की प्रत्येक केंद्रकाभोवती सूक्ष्मनलिकांचे किरण पसरतात, प्रत्येकाची हद्द ठरते आणि दोन हद्दींच्या मध्ये पेशीभित्तिका उभी राहते. यात मोठा फायदा आहे. भिंती बांधण्यात वेळ न घालवता संख्या झपाट्याने वाढवता येते. काही प्राणीही हाच मार्ग वापरतात. पिकल्या केळ्यावर घिरट्या घालणाऱ्या फळमाशीच्या अंड्यात पहिली १३ केंद्रक-विभाजनं पेशी न बनवताच उरकली जातात. तीनेक तासांत सुमारे ६००० केंद्रकं कडेला येऊन बसतात आणि मगच त्यांच्यामध्ये पटलं उतरतात. वनस्पती आणि कीटक यांची घराणी किती लांबची, आणि युक्ती किती सारखी!

या युक्तीने पेशीविज्ञानाच्या एका जनकालाच चकवलं होतं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ माथियास श्लायडेन यांनी १८३८ मध्ये वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात हे ठामपणे मांडलं. नवी पेशी येते कुठून, या प्रश्नाचं उत्तर शोधताना त्यांनी भ्रूणकोशातही पाहिलं. तिथे त्यांना नितळ द्रवात केंद्रकं दिसली आणि मग त्या केंद्रकांभोवती पेशी तयार होताना दिसल्या. त्यांनी निष्कर्ष काढला, की द्रवात आधी केंद्रक साकळतं आणि त्याच्याभोवती पेशी धरते, जवळजवळ स्फटिक वाढावा तशी. १८३९ मध्ये थिओडोर श्वान यांनी ही कल्पना प्राण्यांनाही लावली. पाहिलेलं खोटं नव्हतं. भ्रूणपोषात केंद्रकं आधी आणि भिंती नंतर, हे आजही खरं आहे. पण ती केंद्रकं आधीच्या केंद्रकांच्या विभाजनातून आली होती आणि ती पायरी त्या काळच्या भिंगांतून नजरेला पडली नाही. रोबर्ट रेमाक आणि रुडॉल्फ फिरशो यांनी १८५० च्या दशकात ‘पेशी पेशीतूनच जन्मते’ हे तत्त्व रुजवलं. भ्रूणकोशाचा तिढा मात्र १८८० च्या सुमारास एडुआर्ड श्ट्रासबुर्गर यांच्या कामानंतरच सुटला. पेशीसिद्धांताचा इतिहास शाळेत तीन नावं आणि तीन सनावळ्यांत आटोपतो. त्यामागचा हा तिढा सांगितला, तर निरीक्षण आणि निष्कर्ष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मुलांच्या कायमचं लक्षात राहील.

नारळाला एवढी मोठी शिदोरी लागते कशाला? त्याची जागा आठवा. समुद्रावर तरंगत आलेलं फळ किनाऱ्याच्या वाळूत अडकतं. वाळूत अन्न फारसं नाही, आजूबाजूला पाणी आहे पण खारं. तिथे उगवायचं तर गोडं पाणी आणि काही महिन्यांचं अन्न बरोबर आणलेलं बरं. करवंटीच्या तीन डोळ्यांपैकी एक मऊ असतो आणि त्याच्या आत खोबऱ्यात रुतलेला इवलासा भ्रूण असतो. नारळ रुजू लागला की भ्रूणाच्या बीजपत्राचं टोक आत फुगतं आणि त्याचा पांढरा, स्पंजासारखा गोड गोळा होतो. कोंब आलेला नारळ फोडल्यावर मुलं ज्याच्यासाठी भांडतात तोच हा गोळा. तो पाणी पितो, खोबरं विरघळवून शोषतो आणि बाहेरच्या कोंबाला पुरवतो. डोळ्यातून कोंब वर आला तरी त्याचा स्वयंपाक बरेच दिवस आतच चाललेला असतो.

जो द्रव नारळाच्या भ्रूणाला वाढवतो, तो दुसऱ्याच्या भ्रूणाला चालेल का? हा प्रश्न धोत्र्याने विचारला. अमेरिकेत अल्बर्ट ब्लेक्सली धोत्र्याच्या वेगवेगळ्या जातींचे संकर करत होते. काही संकरांत भ्रूण तयार होई, पण भ्रूणपोष साथ देत नसे आणि भ्रूण कोवळ्या वयातच मरे. तो बाहेर काढून साखर आणि क्षारांच्या द्रावणात ठेवला, तर थोडे वाढलेले भ्रूण जगत, अगदी लहान मात्र दगावत. योहानेस फान ओव्हरबेक आणि सहकाऱ्यांनी त्या द्रावणात नारळाचं पाणी मिसळलं आणि चिमुकले भ्रूण वाढू लागले. १९४१ मध्ये हे प्रसिद्ध झालं. पुढे फ्रेडरिक स्टीवर्ड यांनी गाजराच्या मुळाचे तुकडे नारळाच्या पाण्यावर वाढवले, आणि १९५८ मध्ये त्यांच्या प्रयोगशाळेने गाजराच्या सुट्या पेशींपासून सगळं रोप उभं केलं. वनस्पतीच्या साध्या पेशीत पूर्ण झाड घडवण्याची क्षमता असली पाहिजे, असं गोटलीब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये म्हटलं होतं. ते सिद्ध व्हायला अर्धं शतक लागलं आणि त्या सिद्धतेच्या काचपात्रात आपल्या ओळखीचं नारळाचं पाणी होतं.

त्या पाण्यात नेमकं काय आहे, याचा शोध बरीच वर्षं चालला. पेशींना विभागायला लावणारं कायनेटिन १९५५ मध्ये हाती लागलं ते हेरिंग माशाच्या शुक्राणूंमधल्या डीएनएपासून. वनस्पतीतलं नैसर्गिक द्रव्य, झिएटिन, डेव्हिड लेथॅम यांनी १९६० च्या दशकात मक्याच्या कोवळ्या, दुधाळ दाण्यांतून वेगळं केलं. म्हणजे इथेही भ्रूणपोषच. त्याचंच एक भावंड, झिएटिन रायबोसाइड, लेथॅम यांना १९७४ मध्ये नारळाच्या पाण्यात सापडलं. ही सगळी सायटोकायनिन गटातली संप्रेरकं आहेत. जळगावच्या ग्रँड नैन केळीची लाखो रोपं प्रयोगशाळेतल्या बाटल्यांत वाढतात ती याच गटातल्या कृत्रिम संप्रेरकांवर. ऑर्किडच्या बाटल्यांत आजही अनेक ठिकाणी नारळाचं पाणी घातलं जातं.

फिलिपिन्समध्ये ‘मकापुनो’ नावाचे नारळ मिळतात. करवंटीत घट्ट खोबऱ्याऐवजी मऊ, जेलीसारखा गर भरलेला असतो. तो मिठाईत आणि आइस्क्रीममध्ये वापरतात आणि त्याला भाव चांगला मिळतो. पेशीभित्तिकांमधल्या शर्करांची घडण बदलणारं एक विकर या भ्रूणपोषात पुरेसं नसतं, म्हणून खोबरं घट्ट होत नाही. भ्रूण निरोगी असतो, पण हा गर त्याला पचत नाही आणि तो आतच उपाशी मरतो. नारळ रुजतच नाही. १९६० च्या दशकात लॉस बान्योसच्या एमेरिता दे गुझमान यांनी हे भ्रूण बाहेर काढून काचपात्रात वाढवले आणि मकापुनोची झाडं उभी केली. भ्रूणपोष बिघडला तर काय होतं, याचं याहून बोलकं उदाहरण मला माहीत नाही.

साधा नारळ अशा रीतीने भराभर वाढवणं मात्र फार अवघड गेलं आहे. केळीला मुनवे फुटतात, नारळाला ना मुनवा ना फांदी. सगळी वाढ एका शेंड्यावर. गेंड्या भुंग्याने तो शेंडा पोखरला की झाड संपलं. त्याच्या ऊतींनी प्रयोगशाळेतही अनेक दशकं दाद दिली नाही. म्हणून कोकणात आजही बाणवली या उंच जातीचा चांगला मातृवृक्ष निवडून त्याचे नारळ रोपवाटिकेत लावतात. पण उंच जातींत एका पोयीतली नरफुलं मादीफुलांच्या आधी उमलून गळतात, त्यामुळे पराग बहुधा दुसऱ्याच झाडाचा असतो आणि एकाच माडाच्या रोपांत फरक पडतो. ज्या झाडाच्या पाण्याने गाजराला आणि धोत्र्याला वाढवलं, त्याची एकसारखी रोपं घाऊक प्रमाणात मिळावीत म्हणून कासरगोडच्या केंद्रीय लागवड पीक संशोधन संस्थेसह जगभरच्या प्रयोगशाळांत प्रयत्न चालू आहेत. केळीइतकं यश तिथे अजून आलेलं नाही.