लेखनकेंद्र : दुरुस्ती की अध्यापन?

अमेरिकन विद्यापीठांतील लेखनकेंद्र म्हणजे सदोष निबंध दुरुस्त करून मिळण्याची जागा, असा समज सहज होतो. आयोवा विद्यापीठाची लेखन-प्रयोगशाळा १९३४ मधली. परंतु या समजाला ठाम सैद्धांतिक उत्तर मिळाले ते १९८४ मध्ये, स्टीफन नॉर्थ यांच्या लेखातून. केंद्राने लेख नव्हे, लेखक सुधारावा, हे त्यांचे प्रतिपादन होय.

तेथील कार्यपद्धती या भूमिकेतूनच उलगडते. विद्यार्थी वेळ ठरवून येतो आणि पुष्कळदा आपला खर्डा स्वतःच मोठ्याने वाचतो. शेजारी बसलेला साहाय्यक (बहुधा तोही विद्यार्थीच) ऐकतो, विचारतो : येथे नेमके काय सिद्ध करावयाचे आहे? हा परिच्छेद येथेच का? पेन्सिल शक्यतो विद्यार्थ्याच्याच हाती राहते. आधी युक्तिवाद व मांडणी, व्याकरण नंतर. साहजिकच निबंध देण्याच्या आदल्या दिवशी टंकलिखित प्रत घेऊन धावणाऱ्यास या सेवेचा फारसा उपयोग होत नाही. अपुरा खर्डा आणि एक निश्चित शंका, एवढे भांडवल पुरते. (कच्चा खर्डा मार्गदर्शकास दाखविण्याचा संकोच आपल्यालाही अपरिचित नाही.)

मात्र या संयमालाही मर्यादा आहे. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्याबाबत केवळ प्रश्न विचारून भागत नाही, असे ज्युडिथ पॉवर्स यांनी १९९३ मध्ये मांडले. लेखनसंकेतच परिचित नसतील, तर मोठ्याने वाचूनही चूक कानाला खटकणार कशी? तेथे स्पष्टपणे सांगणे हेच अध्यापन ठरते. मराठी माध्यमातून तिकडे गेलेल्या विद्यार्थ्याने म्हणून पहिल्याच भेटीत आपली अडचण सांगावी, आणि वाक्य दुरुस्त करून मागण्याऐवजी त्यामागील संकेत विचारून घ्यावा.