माफी कुणाला, कशाबद्दल?

ब्रिटनच्या चॅनल फोरवर नोव्हेंबर २०११मध्ये अ‍ॅलन ट्युरिंग या ब्रिटिश गणितज्ञावरचा माहितीपट दाखवला गेला, तेव्हा त्याचे नाव होते ‘ब्रिटन्स ग्रेटेस्ट कोडब्रेकर’. अमेरिकेत तो नुसता ‘कोडब्रेकर’ झाला. नाव पराक्रमाचे असले तरी या माहितीपटाचा जीव दुसऱ्या महायुद्धात नाही. ब्लेचली पार्क हे संकेतभेदाचे केंद्र आणि जर्मन नौदलाचे एनिग्मा हे सांकेतिक यंत्र त्यात आहेच. पण कथन वारंवार वळते ते मानसोपचारतज्ज्ञ फ्रान्झ ग्रीनबाउम यांच्या खोलीकडे. समलिंगी संबंधांबद्दल १९५२मध्ये दोषी ठरलेला, तुरुंग टाळण्यासाठी वर्षभर संप्रेरकांचे उपचार सोसलेला ट्युरिंग तिथे बोलतो. हे संवाद कल्पित आहेत, हा आक्षेप रास्तच. मात्र ग्रीनबाउम यांच्या मुलींच्या आठवणी त्यांना आधार देतात, आणि शिक्षेची नोंद तर मुळीच कल्पित नाही. १९५४मधला सायनाइडने झालेला मृत्यू आत्महत्या की अपघात, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण तो अपघात ठरला तरी शिक्षेचा अन्याय तसूभरही कमी होत नाही.

पुढच्या काळात मात्र ट्युरिंगच्या स्मरणात वीरगाथाच वरचढ ठरली. पंतप्रधान गॉर्डन ब्राउन यांनी २००९मध्येच दिलगिरी व्यक्त केली होती. तरी शिक्षा त्या वेळच्या कायद्याला धरून होती, असे सांगत सरकारने २०१२मध्ये माफी नाकारली. डिसेंबर २०१३मध्ये ती राजमाफी म्हणून मिळाली, तीही एकट्या ट्युरिंगला. वर्षभरात आलेल्या ‘द इमिटेशन गेम’ या चित्रपटाने तो एकाकी नायक जगभर पोहोचवला. त्याच कलमाखाली भरडलेल्या इतर मृतांना माफी मिळायला २०१७चा कायदा यावा लागला.

युद्धातली कामगिरी नसती तर कुणी ऐकलेच नसते, असे यावर म्हणता येईल. ते खरे आहे. इतरांची वाट ट्युरिंगच्या नावानेच मोकळी झाली. पण राष्ट्राच्या उपयोगी पडला म्हणून एखाद्याला माफ करायचे, तर उपयोगी न पडलेल्याची शिक्षा योग्यच होती, असा त्याचा अर्थ निघतो. ब्लेचलीचे काम गुपित असल्याने १९५२च्या न्यायालयात त्याचा उच्चार शक्य नव्हता. तो झाला असता आणि ट्युरिंग सुटला असता, तरी कायदा तितकाच अन्यायी राहिला असता. म्हणूनच ग्रीनबाउम यांची ती खोली महत्त्वाची: तिथे बसलेल्या माणसाला सहानुभूती मिळवण्यासाठी पदक दाखवावे लागत नाही.