एका थेंबावर अडलेला होकार

दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री नाटक रंगते आणि त्याच गर्दीत सोयरिकीच्या गोष्टीही निघतात. गोंदिया शहरालगतच्या मुर्रीत काय किंवा दूरच्या सालेकसा, देवरीकडे काय, हल्ली काही मुलामुलींनी आपले आपणच जमवलेले असते. मग त्यातला एक जण अचानक गप्प होतो. ‘धानाची चुरणी होऊ दे’, ‘घरी बोलतो’, ‘पुढच्या वर्षी बघू.’ दुसऱ्याने थांबावे की नाद सोडावा?

कारणे अनेक असतात. पण पूर्व विदर्भात एक कारण असे आहे की ते उघड बोलायला लोक कचरतात. ते म्हणजे सिकलसेल.

रक्तातल्या हिमोग्लोबिनचा हा आनुवंशिक दोष. तो आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला, तर ती व्यक्ती वाहक, म्हणजे ‘एएस’. दोघांकडून आला तर रुग्ण, ‘एसएस’. रुग्णाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. असह्य वेदना, पंडुरोग, वारंवार दवाखाना. वाहकाला मात्र सहसा काहीच होत नाही. उलट मलेरियाच्या गंभीर स्वरूपापासून त्याला काहीसे संरक्षण मिळते, हे अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये दाखवले. त्रास नसल्यामुळेच आपण वाहक आहोत हे अनेकांना माहीत नसते. आणि घरात कुणी आजारी असेल, तर चाचणी न करताच मनात भीती बसते.

त्या भीतीत हिशेब चुकतो. दोघांपैकी एकच वाहक आणि दुसरा पूर्ण निरोगी असेल, तर मूल सिकलसेलचा रुग्ण होत नाही. फार तर वाहक होईल. अशी सोयरीक केवळ ‘रक्तात आहे’ म्हणून मोडणे हा निव्वळ अन्याय आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के. ‘प्रत्येक’ हा शब्द महत्त्वाचा. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असे होत नाही.

म्हणून या कारणासाठी थांबायचे, तर मुदत ठरवून थांबावे: दोघांचेही अहवाल हाती येईपर्यंत. बोट टोचून केली जाणारी सोल्युबिलिटी चाचणी काही मिनिटांत दोषाचा संशय दाखवते. पण वाहक की रुग्ण, हे ती सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. ती मागूनच घ्यावी, कारण जोडीदाराला थॅलेसेमियाचा दोष असला तरीही मुलाला आजार होऊ शकतो आणि तो सोल्युबिलिटी चाचणीत दिसत नाही. 1 जुलै 2023 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे, लग्नाआधीचे समुपदेशनही त्यात येते.

अहवाल आले, शंका फिटली आणि तरीही ‘बघू’च चालू राहिले, तर अडचण रक्तात नाही. अधूनमधून येणारा गोड फोन तेव्हा वाट पाहणाऱ्याला बांधून ठेवतो. केव्हा मिळेल याचा नेम नसलेल्या बक्षिसासाठी प्राणी सर्वांत चिवटपणे प्रयत्न करत राहतो, हे बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवले होते. अशी आणखी एक मंडई वाट पाहून नवी माहिती काहीच मिळणार नसते.

दोघेही वाहक निघाले तर गोष्ट वेगळी. तिथे वेळ मागणे ही टाळाटाळ नव्हे. गर्भाची तपासणी अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सुमारास होऊ शकते. पण अहवाल वाईट आला तर काय करायचे, यावर दोघांचे एकमत हवे. ते बोलणे समुपदेशकासमोर, दोघांनी मिळून, पत्रिका छापण्याआधी व्हायला हवे.