जुन्या लांकडी सामानाचें पॉलिश

रत्नागिरीकडील जुन्या घरांत लांकडी सामान थोडें. पण जें असतें तें दोन-तीन पिढ्यांचें. ओटीवरचा झोपाळा, माजघरांतील कपाट, देव्हारा, चौरंग, आणि आजोबांच्या वकिलीच्या काळांतील एखादें उतरत्या झाकणाचें मेज. मंडळी मुंबई-पुण्यास गेली आणि घर गणपतीपुरतें उघडूं लागलें कीं या सामानावरचे ओरखडे व डाग एकदम डोळ्यांत भरतात. वांटणीच्या बोलण्यांत त्यास 'अडगळ' हा शब्द लागतो. मग एक तर तें जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे जातें, किंवा एखादा उत्साही सुतार त्यावर रंधा फिरवून, वर चकचकीत रोगण चढवून, त्याचें शंभर वर्षांचें रूप दोन दिवसांत नाहींसें करतो. हा दुसरा प्रकार आम्हांस पहिल्याहून वाईट वाटतो; व्यापारी निदान वस्तु शाबूत ठेवतो.

वास्तविक पुष्कळसे ओरखडे लांकडाला झालेले नसतात, तर वरच्या पॉलिशाला झालेले असतात. म्हणून तें पॉलिश कशाचें आहे हें आधीं पाहावें. वस्तूच्या मागल्या, न दिसणाऱ्या बाजूस स्पिरिटचा एक थेंब टाकून मिनिटभर थांबावें. जागा चिकट झाली तर तें लाखेचें, म्हणजे चपड्याचें पॉलिश होय. स्पिरिटनें कांहीं न होतां टर्पेन्टाइनच्या फडक्यास पिवळट मेण लागलें, तर तें मेणाचें. दोहोंनींही कांहीं झालें नाहीं, तर अलीकडचें एखादें कठीण रोगण असण्याचा संभव. त्याच्या वाटेस घरीं न गेलेलेंच बरें. स्वातंत्र्यापूर्वीचें पॉलिश केलेलें सामान बहुधा चपड्याचें निघतें.

पळस, बोर, कुसुंब या झाडांच्या डहाळ्यांवर लाखेचे किडे जो राळेसारखा पदार्थ स्रवतात, तो वितळवून गाळला कीं चपड्याचे पातळ पापुद्रे होतात. सावंतवाडीचे चितारी फिरत्या लांकडावर लाखेची कांडी टेकवितात. घर्षणाच्या उष्णतेनें लाख वितळून खेळण्यावर रंग बसतो, तोही याच वस्तूचा प्रताप. चपड्याचा मोठा गुण असा कीं तो वाळल्यावरही स्पिरिटमध्यें पुन्हां विरघळतो. त्यामुळें नवा थर जुन्या थरांत मिसळून जातो, आणि जुनें पॉलिश खरवडून काढण्याचें कारणच उरत नाहीं.

पाव लिटर स्पिरिटमध्यें सुमारें ३० ग्रॅम चपडा टाकून रात्रभर ठेवावा व फडक्यांतून गाळून घ्यावा. भांडें कांचेचें असावें. लोखंडाच्या भांड्यांत चपडा काळवंडतो. फार दिवसांचें द्रावण वापरूं नये, तें वाळतच नाहीं, चिकट राहतें. मेज प्रथम किंचित् ओल्या फडक्यानें पुसून कोरडें करावें. मग मलमलीच्या तुकड्यांत कापसाचा बोळा बांधून, तो द्रावणांत भिजवून व पिळून, लांकडाच्या रेषेच्या दिशेनें हलक्या हातानें फिरवावा. बोळा थांबतां कामा नये. थांबला कीं खालचा थर उचलून येतो. एकावर एक तीन-चार पातळ हात द्यावे आणि प्रत्येक वेळीं तासभर वाळूं द्यावें. हें काम होत असतां जवळ चूल, समई किंवा विडी नको, हें सांगावयास नकोच.

आतां ऋतूविषयीं. रत्नागिरीस वर्षाकाठीं तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. त्या दमट हवेंत दिलेला चपड्याचा हात धुरकट पांढरा पडतो. गणपतींत घर उघडलें म्हणून त्याच आठ दिवसांत पॉलिशाचा घाट घालणें म्हणजे श्रम वायां दवडणें होय. दिवाळीनंतरची कोरडी हवा या कामास उत्तम. गणपतींत फार तर डाग पाहून ठेवावे. गरम भांड्याचें पांढरें वर्तुळ बहुधा पॉलिशांतच असतें. स्पिरिटचा जेमतेम ओलावा असलेला बोळा वरून झपझप फिरविला कीं तें पुष्कळदां जातें. काळा डाग मात्र लांकडांत उतरलेला, बहुधा लोखंड व पाणी यांच्या संयोगाचा असतो. तो ऑक्झॅलिक आम्लानें निघतो, परंतु तें विष आहे. मुलेंबाळें असलेल्या घरांत तें आणण्यापेक्षां डाग राहूं द्यावा, असें आमचें मत आहे.

आमच्याकडे झोपाळ्यास व देव्हाऱ्यास नारळेल चोळण्याची जुनी संवय आहे. त्या दिवशीं लांकूड तुकतुकीत दिसतें खरें, पण नारळेल कधींच वाळत नाहीं. त्यावर धूळ बसते व पावसाळ्यांत बुरशीस निमित्त मिळतें. जवसाचें तेल हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतें, म्हणून तेल लावावयाचें तर तें लावावें, आणि जादा तेल पुसून काढावें. मात्र ते फडके चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. वाळतांना त्यांत उष्णता सांठते व ते आपोआप पेट घेतात. ते अंगणांत एकेक पसरून वाळवावे, नाहीं तर पाण्यानें भरलेल्या डब्यांत बुडवून ठेवावे.

ओरखडा लांकडापर्यंत गेला असल्यास रंगाचा प्रश्न येतो. चपड्याच्या थोड्या द्रावणांत गेरू, पिवडी व चिमूटभर काजळ मिसळून बारीक कुंचल्यानें तेवढीच रेघ भरावी. रंग किंचित् गडद असला तरी चालेल. फिका फार दिसतो. सागाचें हें सहज साधतें. (मौलमीनहून मुंबईस येणाऱ्या ब्रह्मी सागाचा एके काळीं मोठा लौकिक होता. त्या देशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ पासून रत्नागिरींत नजरकैदेंत होता आणि १९१६ मध्यें येथेंच वारला, हा एक योगायोगच!) फणसाचें लांकूड मात्र फसवितें. तें कापतांना हळदीसारखें पिवळें असतें व उजेडानें वर्षानुवर्षें तांबूस-तपकिरी होत जातें. अशा पाटाचा एक कोपरा काचकागदानें घासला तर तेथें पिवळा ठिपका उघडा पडतो, आणि तो झांकण्यासाठीं सबंध पाट घासण्याची पाळी येते. म्हणून फणसावर काचकागद नकोच.

झोपाळ्याच्या कडा आणि मेजाच्या पुढच्या बाजूस मनगटें टेकण्याची जागा हातांनीं गुळगुळीत झालेली असते. तेथें रंग भरूं नये. वरून एक पातळ हात पुरे. पाय मात्र तपासावे, कारण फरशी पुसण्याच्या पाण्यानें खालचें बोटभर पॉलिश बहुधा गेलेलें असतें आणि ओल तेथूनच वर चढते. त्या टोकांना, तळव्यासकट, चार हात द्यावे. त्यानंतर पंधरा दिवस मेजावर चहाची कपबशी ठेवूं देऊं नये, पाहुणे कितीही जवळचे असोत.